तोंडातल्या टाचण्या

थोरलीच्या दुकानात माणसं दोन कारणांनी यायची. एक कपडे शिवून घ्यायला, आणि दुसरं म्हणजे थोरली आज कुणाला काय बोलते ते ऐकायला. दुसऱ्या कारणाने येणारे जास्त होते, पण त्यांच्याकडून शिलाई घेता येत नाही, हे तिचं दुर्दैव. बँकेतले एक साहेब दर वर्षी त्याच पँटची कंबर सैल करून घ्यायला यायचे. थोरली टेप त्यांच्या पोटाभोवती फिरवून म्हणायची, "साहेब, कुठं थांबायचं ते तुम्ही एकदा ठरवा. मी तिथपर्यंतचं कापड आत्ताच सोडून ठेवते." साहेब लाजत, बाकावरचे हसत, आणि साहेब पुढच्या वर्षी पुन्हा तिच्याकडेच येत.

दुकान बाबांचं. बाबा गेल्यावर ते दोघी बहिणींकडे आलं, थोरलीकडे आणि धाकटीकडे. गल्लीत त्यांना याच नावांनी ओळखत. दोघींचे केस पिकले तरी धाकटी धाकटीच राहिली. थोरलीचं मशीन रस्त्याकडच्या खिडकीला लावलेलं, धाकटीचं मागच्या अंगणाकडच्या खिडकीला. उजेड दोन बाजूंनी येत होता, म्हणून दोघी एकमेकींकडे पाठ करून बसत. तशाच पाठीला पाठ करून त्यांनी अर्ध्या गावाचे कपडे शिवले.

गिऱ्हाईक नसलं की थोरलीच्या जिभेला काम लागे, आणि घरचं माणूस हाताशी होतंच. धाकटी बोलायला संथ. तिला कुठलीही गोष्ट पहिल्यापासून सांगितल्याशिवाय करमत नसे. पांढरा दोरा संपलाय एवढं सांगायचं असलं तरी ती काल दोरा आणायला निघाली तेव्हा रस्त्यात कोण भेटलं इथून सुरू करायची. थोरली मध्येच म्हणायची, "दोरा संपला ना? मग तू पण संपव." धाकटी गप्प होऊन पुढची बाही उचलायची. हे इतकी वर्षं चाललं होतं की ते दोघींपैकी कुणाला ऐकूसुद्धा येत नाही, असं थोरली समजून होती.

दोघी रविवारी चर्चला जात, थोरली चालत आणि धाकटी लांबच्या आपल्या घरून बसने. चर्च लहान, माणसं मोजकी, आणि पाळक मनाने चांगले पण प्रवचनात लांबण लावणारे. "धागा संपला तरी मशीन चालतच राहतं, तसं आहे आपल्या पाळकसाहेबांचं," हे थोरलीचंच वाक्य. ते पाळकांच्या कानावर गेलं तेव्हा ते खळखळून हसले होते आणि पुढच्या रविवारी त्यांनी लवकर आवरतं घेतलं होतं. त्यामुळे आपल्या जिभेने मंडळीचं भलंच होतं, अशीही थोरलीची एक समजूत होती.

महिन्यातून एका रविवारी तिथे साक्षीची वेळ असे. ज्याला वाटेल त्याने उभं राहायचं आणि देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायचं. धाकटी जन्मात कधी उभी राहिली नव्हती. त्या रविवारी राहिली. थोरलीला आश्चर्य वाटलं, बाकीच्यांनाही वाटलं. धाकटीने पुढच्या बाकाची कड घट्ट धरली आणि सुरुवात केली.

"आज सकाळी मी बसनं येत होते. म्हणजे बस आधी आलीच नाही. म्हणजे आली, पण ती आपली नव्हती. मग मी थांबले, तर तिथं एक बाई..."

"हिची बस येईपर्यंत आपण सगळे स्वर्गात पोचू," थोरली मागच्या बाकावरून पुटपुटली.

पुटपुटली म्हणजे तिच्या मानाने पुटपुटली. तो बाक हसला, मागचा बाक हसला, पाळकांनी ओठ दाबून छताकडे पाहिलं. धाकटीने बाकाची कड सोडली. मग "एवढंच," म्हणाली आणि खाली बसली.

थोरलीला त्याचं काही वाटलं नाही, हे खरं सांगायला हवं. लोक हसले की तिला बरं वाटे, तसंच तेव्हाही वाटलं. दुसऱ्या दिवशी धाकटी कामाला आली, कामापुरतं बोलली, आणि पुढचे कित्येक दिवस कामापुरतंच बोलली. मग एका दुपारी तिने मशीन थांबवलं आणि मागे न वळता सांगितलं, "स्टेशनपलीकडे कारखाना आहे ना शर्टांचा, तिथं मी बोलणी केलीत. शाळेच्या गणवेशांचा हंगाम संपला की तिकडे जाणार."

"बसनं?" थोरली म्हणाली.

तिला हे म्हणायचं नव्हतं. तिला म्हणायचं होतं, का गं, किंवा नको जाऊस, किंवा माझं काय चुकलं. धाकटीने चष्मा नाकावर चढवला आणि मशीन पुन्हा सुरू केलं. थोरली हातातली कॉलर तशीच धरून बसून राहिली. तिला भीती तर वाटलीच, पण त्याहून जास्त नवल वाटलं. आपल्याला काय बोलायचंय हे आपल्याला ठाऊक असताना ते दुसरं वाक्य आपल्या आधी तोंडात येऊन कसं बसलं? ते आलं कुठून? आणि त्याला आत घेतलं कुणी?

धाकटी गेली तर दुकान चाललं असतं. मदतीला कुणीही मिळालं असतं. पण धाकटीशिवाय थोरलीला सख्खं माणूस उरलं नव्हतं, नवरा सोडला तर. आणि नवरा इतका शांत होता की तो घरात आहे की नाही हे त्याच्या चपला बघून ठरवावं लागे. त्याला तिने संध्याकाळी विचारलं, "मी एवढी टोचून बोलते का हो?"

तो वर्तमानपत्रातून वर न बघता म्हणाला, "मला काय विचारतेस? मी लग्नानंतर वर्षाच्या आतच बहिरा झालोय."

थोरलीला हसू आलं, आणि त्यातलं खरं कळल्यावर ते हसू जागच्या जागी विरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पाळकांकडे गेली. चर्चच्या मागे त्यांची एक खोली होती. घडीच्या खुर्च्या भिंतीला टेकवलेल्या, कोपऱ्यात कुणीकुणी विसरलेल्या छत्र्या, आणि टेबलावर चहाची किटली. पाळकांनी एक खुर्ची उलगडून दिली.

"पाळकसाहेब, एक विचारायचंय," थोरली म्हणाली. "पाप करायच्या आधी माणूस विचार करतो का?"

"कधी करतो, कधी नाही. का?"

"माझं तोंड मला विचारतच नाही. मला धाकटीला दुखवायचं नव्हतं. तोंडानं परस्पर उरकून टाकलं."

पाळकांनी मान डोलावली. "हे फार जुनं दुखणं आहे, बाई. जे करावंसं वाटतं ते हातून होत नाही, आणि नको ते होऊन बसतं. आपल्यात याला देहाचा स्वभाव म्हणतात. त्याच्याशी नुसत्या स्वतःच्या जोरावर झुंजून कुणी सुटलेलं मी तरी पाहिलं नाही. म्हणून तर आपण देवाच्या आत्म्यानं चालायचं म्हणतो."

"तेच तर विचारायला आलेय!" थोरली खुर्चीत पुढे सरकली. "दर रविवारी ऐकते मी हे. आत्म्यानं चालायचं, आत्म्यानं चालायचं. पण सोमवारी सकाळी दुकानाचं कुलूप काढल्यावर नेमकं करायचं काय? आधी काय, मग काय? कापड आधी भिजवायचं, मग वाळवायचं, मग कापायचं, तसं काही सांगा ना."

"आधी मागायचं."

"मग?"

"मग..." पाळकांनी किटलीचं झाकण उघडलं, आत पाहिलं, पुन्हा लावलं. "हे बघा, माझंच सांगतो. मोठ्या रस्त्यावरच्या चर्चनं मागे नवं छप्पर घातलं. आमचं गळत होतं. मला त्यांच्या पाळकांचा असा मत्सर वाटला की विचारू नका. प्रार्थनेला डोळे मिटले की ते छप्परच दिसायचं. दात-ओठ खाऊन मत्सर करायचा नाही असं ठरवलं, तर तो दुप्पट झाला. शेवटी रोज मागत राहिलो, आणि एक दिवस मनात आलं, जाऊन बघून तरी यावं. गेलो. त्या माणसानं मला शिडीवर चढवून सगळं दाखवलं. छप्पर सुंदर होतं. मी त्याला खिळ्यांबद्दल विचारत होतो, लाकडाबद्दल विचारत होतो, आणि मत्सर कधी गेला ते मला कळलंच नाही."

"म्हणजे मी जाऊन छप्पर बघू?"

"नाही हो! तुमच्या बाबतीत काय बघायचं ते मला कसं ठाऊक असणार? ते तुम्हाला देवाकडेच मागावं लागेल."

थोरली परत निघाली ती थोडी वैतागून. इतकं बोलून माणसाने हातात काही दिलं नाही, असं तिला वाटलं. त्यातल्या त्यात तिला दात-ओठ एवढेच लक्षात राहिले. आणि दुकानात शिरता शिरता तिला तिच्या मते उपाय सापडला.

कपडा अंगावर घालून बघताना शिंपी टाचण्या ओठांत धरतो. एका हाताने कापड दाबायचं, दुसऱ्या हाताने ओठांतली एकेक टाचणी काढून लावायची. थोरलीच्या ध्यानात आलं की तोंडात टाचण्या असताना आपण आजवर कुणालाही वाकडा शब्द बोललेलो नाही. बोलणार कशा? मग दुसऱ्या दिवशी कुलूप काढलं, कपाटातून डबी काढली आणि तिने चिमूटभर टाचण्या ओठांत धरल्या. काम असो नसो. धाकटी आली, तिने पाहिलं, काही बोलली नाही. थोरलीने मान हलवली आणि मनात म्हणाली, बघ, आता मी कशी सुधारते ते.

हा प्रकार फार कसोशीने चालला. टाचण्या काढायच्या त्या जेवायला आणि गिऱ्हाइकाला माप विचारायला. बँकेतले साहेब कंबर सैल करायला आले. हात वर करून उभे राहिले, टेप पोटाभोवती गेला, आणि त्यांनी डोळे बारीक करून नेहमीच्या वाक्याची वाट पाहिली. वाक्य आलं नाही. "तब्येत बरी आहे ना?" त्यांनी काळजीने विचारलं. थोरलीने मान डोलावली. साहेब हिरमुसून गेले. एकदा तर घरी जेवताना नवऱ्याने तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून एक विसरलेली टाचणी हळूच काढून ताटाशेजारी ठेवली.

थोरलीला वाटलं, जमलं. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर गायनमंडळातल्या बाया कुणाचं तरी उणंदुणं काढत होत्या. थोरली त्यांच्या बाजूने जाताना मनात म्हणाली, बिचाऱ्या. आणि तिला फार छान वाटलं. एक पाप दाराबाहेर काढलं तेव्हा दुसरं खुर्ची ओढून आत बसलं, हे तिच्या गावीही नव्हतं. जिभेवरचे विनोदही कुठे गेले नव्हते. ते आत साचत होते, आधीपेक्षा धारदार होत होते, आणि बाहेर पडायला दुसरी वाट शोधत होते. धाकटी काही सांगायला लागली की थोरलीची डावी भुवई वर जाई. धाकटीची कात्री खाली पडली की थोरली छताकडे बघून श्वास सोडी. एक शब्द नाही. तोंड बंद म्हणजे बंद.

मग तो नवरामुलगा आला. हडकुळा, उंच, आणि त्याच्या वडिलांचा लग्नातला कोट त्याला स्वतःच्या लग्नात घालायचा होता. वडील अंगाने भरलेले असावेत. कोट घालून तो आरशापुढे उभा राहिला तेव्हा कोटात माणूस आहे की खुंटीवर कोट आहे ते कळेना. थोरलीने खांद्यावर एक टाचणी लावली, काखेत एक लावली. मुलाने आरशात स्वतःला न्याहाळलं आणि भाबडेपणाने विचारलं, "कसा दिसतो मी?"

काय वाक्य आलं होतं थोरलीच्या मनात! तिला ते पुढे कधी आठवलं नाही, पण ते तिच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वाक्य असणार. ती आतल्या आत हसली, हसू नाकातून फुटलं, तिने श्वास ओढला, आणि एक टाचणी जिभेवरून मागे सरकली. थोरलीचे डोळे पांढरे झाले. खोकल्याची उबळ आली. धाकटी मशीन तसंच सोडून धावली, तिने थोरलीला कमरेत वाकवलं आणि पाठीत असे दणके घातले की भिंतीवरचा आरसा हलला.

"थुंक! सगळ्या थुंक!"

टाचण्या फरशीवर विखुरल्या. शेवटची रक्तासकट पडली. ती गालाच्या आत रुतली होती, घशात गेली नव्हती. नवरामुलगा डॉक्टरांना बोलावतो म्हणून अर्ध्या टाचलेल्या कोटातच रस्त्यावर पळाला होता, त्याला दोघींनी हाका मारून परत आणलं, कोट काढून घेतला आणि परवा यायला सांगितलं. मग धाकटी लोहचुंबक घेऊन फरशीवरच्या टाचण्या गोळा करू लागली.

"तुला अबोला धरायचाय ना माझ्याशी? मग सरळ धर," ती खाली बघतच म्हणाली. "हे टाचण्यांचं सोंग कशाला? मी जातेय म्हणून एवढी शिक्षा?"

थोरलीने पदराने तोंड पुसलं. "शिक्षा तुला नाही गं, मला. मी... मी पाप सोडतेय."

"काय?"

"टोचून बोलण्याचं. बोलायचंच नाही असं ठरवलं होतं."

धाकटीने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कोडं पडल्यासारखा भाव होता. "पण तू बोलतच होतीस," ती म्हणाली. "रोज बोलत होतीस. भुवयांनी बोलत होतीस. आधी निदान शब्द तरी असायचे, त्यांना मनातल्या मनात काही उत्तर देता यायचं. भुवईला काय उत्तर देणार?"

थोरली स्टुलावर बसली. तिला फार लाज वाटली. आपण एवढा खटाटोप केला, आणि तो जिच्यासाठी केला तिलाच त्याचा सगळ्यात जास्त त्रास झाला. टाचण्यांची डबी तिने कपाटात ठेवून दिली. संध्याकाळी दुकान बंद करताना तिने धाकटीकडे पाहिलं. जिला आयुष्यात कधी शब्द कमी पडले नव्हते तिला एक साधं वाक्य सापडत नव्हतं.

आठवडाभरात पाळक आपला झगा घेऊन दुकानात आले. आतलं अस्तर उसवलं होतं. धाकटी बटणं आणायला बाजारात गेली होती. थोरलीने अस्तर बघता बघता टाचण्यांची सगळी हकीकत सांगितली. पाळकांनी ती हसू दाबत ऐकली आणि शेवटी विचारलं, "मग तिची माफी मागितलीत?"

"वेळच कुठं मिळाला? पाप सोडण्यात गुंतले होते ना."

आता पाळकांना हसू आवरलं नाही, आणि थोरलीलाही नाही. पण हसून झाल्यावर पाळक झग्याची बाही उगाच चाचपत म्हणाले, "आणि ती काय सांगणार होती हो?"

"कोण?"

"धाकटी. त्या दिवशी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा उभी राहिली होती. काहीतरी झालं असेल ना, त्याशिवाय कशी उठेल? माझ्या मनातून जात नाही ते."

थोरलीने हातातलं अस्तर खाली ठेवलं. गावातल्या प्रत्येक माणसाच्या कंबरेपासून भानगडीपर्यंत तिला सगळं ठाऊक असायचं. कुणी काही अर्धवट बोललं तर उरलेलं काढून घेतल्याशिवाय ती त्याला दुकानाबाहेर जाऊ देत नसे. आणि सख्ख्या बहिणीचं अर्धं राहिलेलं वाक्य तिने विचारलंच नव्हतं. ते पुरं करायची इच्छासुद्धा तिला झाली नव्हती.

"मग तुम्ही का नाही विचारलं तिला?" ती म्हणाली.

"मीही हसलो होतो ना," पाळक म्हणाले. "कुठल्या तोंडानं विचारू?"

त्या दिवसापासून थोरलीला चैन पडेना. धाकटी बटणं घेऊन आल्या आल्या तिने सांगून टाकलं, "त्या रविवारी मी वाईट वागले. नंतर बसचं बोलले तेही वाईट. मला माफ कर." ते इतकं घाईघाईने आलं की जणू कुणी मागे लागलं होतं. धाकटी "बरं," म्हणाली. थोरलीने विचारलं, "काय सांगणार होतीस?" धाकटी म्हणाली, "आता ते सांगण्यासारखं राहिलं नाही," आणि बटणं रंगांप्रमाणे वेगळी करत बसली.

थोरली रोज सकाळी कुलूप काढण्याआधी पायरीवर उभी राहून प्रार्थना करू लागली. पूर्वी ती मागायची ते, माझ्या तोंडाला लगाम घाल. आता तिचं मागणं बदललं. "मला तिचं ऐकायचंय," ती म्हणायची. "कसं ऐकतात ते मला येत नाही. तू आत्मा पाठवतोस म्हणतात, तर पाठव. कसा येतो ते मला माहीत नाही, पण मी इथं आहे." मग ती आत जाऊन मशीनवरचं फडकं काढायची. काही विशेष घडत नसे. तरी काही बारीक गोष्टी तिच्या नजरेस येऊ लागल्या. धाकटी कॉलर उलटताना गुणगुणते. लहान मुलांच्या गणवेशाला ती आतून जादा दुमड घालते, मूल वाढलं तर सोडता यावी म्हणून, आणि हे तिने कधी कुणाला सांगितलेलं नाही. मध्ये एकदोनदा थोरलीची जीभ घसरली. पण घसरली की ती लगेच "चुकले" म्हणू लागली, आणि तिचं तिलाच नवल वाटू लागलं की हा शब्द तोंडातून निघाला तर तोंडाला काही होत नाही.

हंगाम संपला. गणवेशांचे शेवटचे गठ्ठे शाळेत गेले. दुपारी दुकान मोकळं मोकळं वाटत होतं. धाकटीने आपल्या मशीनला तेल घातलं, स्वतःची कात्री फडक्यात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. थोरलीने चहाचे दोन पेले आणले. मग तिने आपलं स्टूल उचललं, मागच्या खिडकीशी नेऊन ठेवलं आणि धाकटीच्या समोर बसली.

"उद्यापासून तू नसणार," ती म्हणाली. "जाताना सांगून जा. पहिल्यापासून सांग. बस आली नाही तिथपासून."

धाकटीने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. भुवई वर जाते का ते बघत असावी. मग तिने सुरुवात केली, आणि पहिल्यापासूनच केली. बस आली नाही, मग आली ती दुसरीच होती, मग थांब्यावर एक बाई कुंडी घेऊन उभी होती.

"कुंडीत काय होतं?" थोरलीने विचारलं.

"काहीच नव्हतं. नुसती माती. मीही तिला तेच विचारलं, तर म्हणाली, येईल काहीतरी." धाकटी जरा सैल झाली. "मग आपली बस आली. मी खिडकीशी बसले. आता तुला ठाऊक नाही, पण बसमध्ये बसलं की माझं एक ठरलेलं काम असायचं. तू मला आदल्या दिवशी जे जे बोललेली असायचीस ना, त्याला मी उत्तरं द्यायचे. मनातल्या मनात. फार वाईट उत्तरं असायची गं. तू ऐकली असतीस तर आठवडाभर उठली नसतीस. रोज तेच. येतानाही तेच, जातानाही तेच. प्रार्थना करायला बसले तरी मध्येच एखादं चांगलं उत्तर सुचायचं आणि मी ते घोळवत बसायचे. किती वर्षं मी मागत होते, हा राग काढून घे, मला नको झालाय. तो काही जात नव्हता."

थोरली चहा प्यायची विसरली होती.

"त्या रविवारी बसले खिडकीशी, आणि उत्तर द्यायला गेले, तर काही नव्हतंच. तुझा चेहरा आठवला, तुझं बोलणं आठवलं, पण राग नव्हता. शोधला मी. खरंच शोधला, किल्ली शोधतात तसा. इतकं हलकं वाटलं की उतरायचा थांबा गेला आणि मागे चालत यावं लागलं. मला वाटलं, हे सांगायला पाहिजे. माझ्या बहिणीबद्दलचा राग देवानं काढून घेतला. तेवढंच सांगायला उभी राहिले होते."

एवढ्या लांबलचक गोष्टीत थोरलीला एकही विनोद सुचला नव्हता. तिने तो दाबला नव्हता, तो आलाच नव्हता, आणि हे तिच्या लक्षातही आलं नाही.

"आणि मग मी बोलले," ती म्हणाली.

"हो. बाकावर टेकायच्या आत परत आला. सगळाच्या सगळा, उत्तरांसकट."

"आणि आता?"

"आता रोज मागते. कधी जातो, कधी बसून राहतो. एकदा गेला म्हणजे कायमचा गेला, असं मला वाटलं होतं. तसं नसतं वाटतं." धाकटीने पिशवीचा बंद ओढला. "उद्या मी जाणार आहेच, शब्द दिलाय. पण मला रागानं जायचं नव्हतं. म्हणून सांगितलं."

थोरलीने डोळे पुसले. मग ती म्हणाली, "मला एक उत्तर सांग."

"कसलं उत्तर?"

"तू बसमध्ये द्यायचीस त्यातलं. सगळ्यात वाईट असेल ते."

"नको गं."

"सांग. मी इथंच बसलेय."

धाकटीने मान खाली घातली. ते उत्तर तिला शोधावं लागलं नाही. "बाबांचे शेवटचे दिवस होते तेव्हा," ती म्हणाली, "तू दवाखान्याच्या बाकावर बसून सगळ्या नर्सना हसवत होतीस. आतपर्यंत ऐकू येत होतं. बाबांचा हात धरून मी आत एकटी होते."

"होते मी बाहेर," थोरली हळूच म्हणाली. "मला आत यायची भीती वाटत होती. दारापर्यंत येत होते आणि परत जात होते. बाकावर बसलं की कुणीतरी विचारायचं, कसे आहेत बाबा, आणि मला रडू यायला लागायचं, म्हणून काहीतरी बोलायचे."

धाकटीने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "मला वाटलं, तुला बाबांचं काहीच नव्हतं. एवढी वर्षं मी तेच धरून बसले."

"विचारायचंस मला."

"तू हसवलं असतंस."

"हो," थोरली म्हणाली. "हसवलंच असतं."

आणि ती रडायला लागली, बाबा गेले तेव्हा रडली नव्हती तशी, तोंडावर हात न घेता. धाकटीने तिला जवळ घेतलं नाही, तेवढं अजून तिच्याच्याने होत नव्हतं. पण ती उठलीही नाही. थोरलीचं रडणं ओसरेपर्यंत ती समोर बसून राहिली.

"शनिवारी सुट्टी असते तिकडे," मग ती म्हणाली. "येईन मी. बाकीची उत्तरं राहिलीत अजून."

"ये," थोरली म्हणाली. "सगळी घेऊन ये."